लहान देशानं 'नाही' म्हणायचं असेल तर

आडवळण (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, लहान देशांना परराष्ट्र धोरण नसतं, त्यांना फक्त शेजारी असतो. वाक्य टाळीबाज आहे, पण मला पचलं नाही. तिथे लिहिलं असतं तर अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी 'लहान' कुणाला म्हणायचं ते सांगून टाकतो, नाहीतर पहिले पन्नास प्रतिसाद व्याख्येवरच खर्ची पडतील. राष्ट्रकुल आणि जागतिक बँक साधारण १५ लाख लोकसंख्येची रेघ ओढतात. संयुक्त राष्ट्रांत सिंगापूरच्या पुढाकारानं १९९२ साली लहान देशांचा मंच उभा राहिला, तिथे ही रेघ एक कोटीच्या आसपास आहे. सुरुवातीला १६ देश होते, आज शंभराहून जास्त आहेत. म्हणजे जगातले निम्म्याहून अधिक देश 'लहान'च. मी मात्र रेघ सैल धरतो: शेजाऱ्यानं मनावर घेतलं तर ज्याला एकट्यानं थोपवता येणार नाही, तो लहान.

आता आइसलँड बघा. १९७५-७६ मध्ये लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर. सैन्य नाहीच. या देशानं किनाऱ्यापासून २०० नाविक मैलांपर्यंतचे मासे आमचे असं जाहीर केलं आणि ब्रिटिश मच्छीमार बोटींना हुसकायला सुरुवात केली. ब्रिटननं युद्धनौका पाठवल्या. आइसलँडच्या तटरक्षक बोटी मागून जाऊन ब्रिटिशांची जाळी कापायच्या, युद्धनौका त्यांना धडका द्यायच्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडनं ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. दोघंही नाटोचे संस्थापक सदस्य, बरं का! जूनमध्ये ब्रिटननं माघार घेतली. १९५८ पासूनची ही तिसरी 'कॉड लढाई' आणि तिन्ही वेळा सरशी आइसलँडची.

जाळी कापून ब्रिटन नमला नाही हे उघड आहे. आपल्या भूमीवरचा केफ्लाविकचा अमेरिकी तळ बंद करू अशी धमकी आइसलँडनं दिली होती. अटलांटिकात उतरणाऱ्या सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवायला अमेरिकेला तो तळ हवाच होता. ब्रिटनवर दबाव आला तो त्याच्याच मित्रांकडून.

माझं म्हणणं एवढंच. लहान देशापुढे 'कुणाची बाजू घ्यायची' हा खरा प्रश्न नसतो. कुठल्या एका गोष्टीवर 'नाही' म्हणायचं ते ठरवायचं आणि त्या 'नाही'ची किंमत वेळ येण्याआधी भरून ठेवायची, हा असतो. ज्यांनी भरून ठेवली ते टिकले. तुमचं मत?

खवचट

बळी तो कान पिळी. धागा संपला. :)

बरं, गंभीरपणे. आइसलँड जिंकला कारण ब्रिटनला त्याला मारायचं नव्हतं. समोर लोकशाही सरकार, वर्तमानपत्रं, संसद. १९४० साली समोर स्टॅलिन असता तर त्या जाळी कापणाऱ्या बोटींचं काय झालं असतं? तुमचं उदाहरण म्हणजे घरातल्या घरात भांडण. परक्याशी गाठ पडली की हिशेब बदलतो.

जुना_नकाशा

खवचट यांनी स्टॅलिनचं नाव काढलंच आहे तर त्याच्याच काळात जाऊ. १९३९च्या शरदात मॉस्कोनं चार लहान शेजाऱ्यांना जवळपास एकच निरोप धाडला. करार करा, तळ द्या, जमीन द्या.

एस्टोनियानं २८ सप्टेंबरला सही केली. करारानुसार २५ हजार सोव्हिएत सैनिक देशात आले. पाठोपाठ लाटव्हिया आणि लिथुआनियानं तेच केलं. त्यांचा विचार वेडगळ नव्हता. वाकलो तर वादळ डोक्यावरून जाईल, असं त्यांना वाटलं. पुढच्या जूनमध्ये आणखी फौज आत आली आणि ऑगस्ट १९४० पर्यंत तिन्ही देश नकाशावरून पुसले गेले. परत यायला १९९१ उजाडलं.

फिनलँडनं सही केली नाही. ३० नोव्हेंबरला हल्ला झाला, साडेतीन महिने बर्फात लढाई झाली. मार्चमध्ये तह. देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला, चार लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून उरलेल्या फिनलँडमध्ये आले. पण देश राहिला.

लव्हाळ्याचा दृष्टांत आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. पूर आला की झाडं जातात, लव्हाळी वाचतात. बाल्टिक देश लव्हाळ्यासारखे वाकले आणि वाहून गेले. फिनलँड झाडासारखा उभा राहिला, फांद्या मोडल्या, तरी खोड शाबूत राहिलं.

शेवंती

जुना_नकाशा, प्रतिसाद आवडला, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत.

त्याच फिनलँडनं १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि पुढची चाळीसेक वर्षं इतकं वाकून काढली की 'फिनलँडीकरण' हा जगभर टोमणा झाला. वर्तमानपत्रं मॉस्कोबद्दल जपून लिहायची, पंतप्रधानपदी कोण चालेल याचाही अंदाज घेतला जायचा. म्हणजे आधी झाड, मग लव्हाळं.

आणि वाकताना काय सोडलं नाही तेही बघा. सक्तीची सैनिकी सेवा सोडली नाही. शीतयुद्ध संपल्यावर युरोपात एकेका देशानं ती गुंडाळली, फिनलँडनं नाही. ५५ लाखांच्या देशात युद्धकाळात २ लाख ८० हजार सैनिक उभे करायची तयारी कायम ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला तो असा, १,३०० किलोमीटरहून लांब सरहद्द आणि ती राखायची स्वतःची सोय बरोबर घेऊन.

लव्हाळं वाचतं ते नुसतं वाकतं म्हणून नव्हे. मूळ धरून असतं म्हणून. उपटून पाण्यात टाका, बघा वाचतं का.

खवचट

शेवंतीताई, मूळ वगैरे ठीक, पण बाल्टिक देशांनी लढायचं ठरवलं असतं तरी फिनलँडसारखी जंगलं आणि तळी कुठून आणली असती? सपाट भूगोलाला दोष धोरणाचा लावू नका. डेन्मार्कचंच बघा. ९ एप्रिल १९४० ला जर्मन आले आणि काही तासांत सगळं आटोपलं. सपाट देश, शेजारी हिटलर. करणार काय?

तळटीप

भूगोलाचा मुद्दा मान्य. पण बाल्टिक देशांबाबत एक गोष्ट निसटतेय. अमेरिकेनं ते विलीनीकरण कधीच मान्य केलं नाही, तसं २३ जुलै १९४० लाच जाहीर केलं. अर्धशतक त्यांचे वकिलातीतले लोक अस्तित्वात नसलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून तिकडे बसून राहिले. १९९१ मध्ये हे देश म्हणू शकले, आम्ही नव्यानं स्वतंत्र होत नाही, आमचा ताबा सुटतोय. कागदाला इतकं हसू नये.

यावरून मूळ विषयाकडे. दोन हल्ले शेजारी शेजारी ठेवून बघा.

२ ऑगस्ट १९९०, इराकनं कुवेत घेतलं. सुरक्षा परिषदेचा ठराव त्याच दिवशी आला. नोव्हेंबरअखेर बळाचा वापर करायची परवानगी, फेब्रुवारीअखेर कुवेत मोकळं.

७ डिसेंबर १९७५, इंडोनेशियानं पूर्व तिमोर घेतलं. सुरक्षा परिषदेचा ठराव त्याच महिन्यात आला, फौज मागे घ्या म्हणून. आणि मग? काही नाही. २४ वर्षं काही नाही.

कायदा तोच, परिषद तीच. इथपर्यंत खवचट यांचं बरोबर आहे. पण तिमोरची फाइल बंद झाली नाही. संयुक्त राष्ट्रांनी ते विलीनीकरण स्वीकारलं नाही, म्हणून १९९८ मध्ये जकार्तात सरकार बदललं आणि फट दिसली तेव्हा १९९९ च्या सार्वमताला जागा होती. ७८ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला. २००२ मध्ये देश झाला.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. तिमोर आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या समुद्राखाली तेल आणि वायू आहे. सीमा दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या मध्यरेषेवर ठरली तर मोठा वाटा तिमोरचा. मार्च २००२ मध्ये, तिमोर स्वतंत्र व्हायला दोन महिने उरले असताना, ऑस्ट्रेलियानं जाहीर केलं की सागरी हद्दीच्या वादात आम्ही आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्ती मानणार नाही. जन्माला यायच्या आधीच बाळाची कोर्टाची वाट बंद!

मग तिमोरच्या वकिलांनी सागरी कायद्याच्या कराराची परिशिष्टं चाळली. न्यायालयाची सक्ती नाकारणाऱ्या देशालाही 'सक्तीच्या सलोख्या'ला बसावं लागतं, अशी एक तरतूद तिथे पडून होती. तोवर कुणीही वापरली नव्हती. २०१६ मध्ये तिमोरनं ती वापरली. ऑस्ट्रेलियानं आधी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. मार्च २०१८ मध्ये नव्या सीमेचा करार झाला, बराचसा मध्यरेषेच्या बाजूनं.

सैन्य, पैसा, मित्र, काहीच बरोबरीचं नव्हतं. बारीक अक्षर वाचणारे चार लोक होते.

मुक्काम_पोस्ट

तळटीप, दंडवत. वाचनखूण साठवली. हे तिमोरचं माहीत नव्हतं.

खवचट

मीही टोपी काढतो. पण 'चार लोक होते' हे जरा गोड करून सांगितलंत. ऑस्ट्रेलियाच्या हेरांनी २००४ साली तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या खोलीत ऐकण्याची यंत्रं बसवल्याचा आरोप झाला होता, वाटाघाटी चालू असतानाच. ते बाहेर आल्यावर ऑस्ट्रेलियाची जी अब्रू गेली, तिचाही सलोख्यात हात आहे. लहान देश जिंकतो तेव्हा बहुतेकदा मोठ्यानं काहीतरी लाजिरवाणं केलेलं असतं.

तळटीप

तेही खरं. पण लाजेचं भांडवल करायलाही दावा तयार असावा लागतो.

वाळूचं_घड्याळ

मी जून २०१७ मध्ये कतारच्या राजधानीत, दोह्यात होतो, म्हणून लिहितो. ५ जूनच्या सकाळी उठलो तर सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी संबंध तोडलेले. कतारला जमिनीवरची सरहद्द एकच, सौदीशी, आणि ती बंद. संध्याकाळी दुकानात दुधाचे कप्पे रिकामे होते. रमजान चालू होता. काही दिवसांतच तुर्कस्तानातून आलेलं दूध दिसायला लागलं, मग इराणचा माल. पुढे तर विमानानं गायी आणल्या. तेव्हा सगळे हसले, पण वर्ष-दोन वर्षांत देश दुधात स्वयंपूर्ण झाला.

चौघांनी १३ मागण्या ठेवल्या होत्या. वृत्तवाहिनी बंद करा, तुर्की तळ बंद करा, इराणशी संबंध कमी करा. कतारनं एकही धड मानली नाही. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाला समेट झाला, वाहिनी आणि तळ जागच्या जागी.

आडवळण यांच्या 'आधी किंमत भरून ठेवणं' या मुद्द्याशी मी सहमत आहे. अल-उदेदचा अमेरिकी तळ, वायूची लांब मुदतीची गिऱ्हाइकं, नवं बंदर, गंगाजळी, हे सगळं आधीचं होतं. आयत्या वेळी फक्त गायी आल्या.

पण एक बोचतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच दोह्यावर इस्रायलनं हवाई हल्ला केला. त्याआधी जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं अल-उदेदवर आली होती. अमेरिकेचा एवढा मोठा तळ असलेल्या देशावर एका वर्षात दोन बाजूंनी मारा. त्यातला एक तर अमेरिकेच्या मित्राचा. तळ ही ढाल की लक्ष्य?

आडवळण

याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तळ देणं म्हणजे किंमत भरणं असं मी धरलं होतं. केफ्लाविक आणि अल-उदेद मी एकाच खात्यात टाकले होते, ते चुकलं. आइसलँडकडे तळ बंद करायची धमकी खरी होती, कारण तळाशिवाय तो जगू शकला असता. कतार अल-उदेद बंद करू शकतो का? करू शकत नसेल तर तो हुकमाचा पत्ता नव्हे, गहाण टाकलेला दागिना आहे.

भरती_ओहोटी

गहाणाचा विषय निघालाय तर पॅसिफिकमधल्या तुवालूचं सांगते. लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास, समुद्र चढतोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. दर वर्षी २८० लोकांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहायची मुभा. पहिल्याच सोडतीत निम्म्याहून अधिक देशानं नाव नोंदवलं. बदल्यात, दुसऱ्या कुठल्याही देशाशी संरक्षणाचा करार करायचा तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती.

पुष्कळांनी याला सार्वभौमत्व विकलं म्हटलं. पण त्याच करारात एक ओळ आहे: समुद्र कितीही चढला तरी तुवालू हा देश म्हणून कायम राहील, हे ऑस्ट्रेलियाला मान्य आहे. जमीन बुडाल्यावर देश उरतो का, या प्रश्नावर एका सरकारनं करारात सही करून दिलेलं उत्तर. मला तो सौदा मूर्खपणाचा वाटत नाही. सुरक्षा म्हटलं की आपण रणगाडे मोजतो. इथे शत्रू सरहद्दीवर नाहीये, पायाखाली आहे.

तिथल्याच वानुआतू या बेटांच्या देशानं दुसरी वाट धरली. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मांडलेली कल्पना उचलून ती २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेली, एकमतानं ठराव करून घेतला, आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयानं सांगितलं की हवामानाला होणारी हानी रोखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. हे सल्लादायी मत आहे, बंधनकारक निकाल नाही. माहितीय. तिमोरच्या ठरावालाही १९७५ साली कुणी विचारत नव्हतं.

खवचट

आणि तिसरी वाट नाउरू या पॅसिफिकमधल्याच बेटाची! २००२ मध्ये तैवानला सोडून चीनला मान्यता. २००५ मध्ये परत तैवान. जानेवारी २०२४ मध्ये परत चीन, तेही तैवानच्या निवडणुकीनंतर दोन दिवसांत. मधल्या काळात जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियालाही मान्यता देऊन झाली. परराष्ट्र धोरण म्हणायचं की लिलाव?

शेवंती

ज्यांचं फॉस्फेट दुसऱ्यांनी दशकानुदशकं उपसून नेलं आणि बेट पोखरून ठेवलं, त्यांच्याकडे विकायला एक मतच उरलं होतं. हसणं सोपं आहे. पण लिलावात एक तोटा असतो हे खरं. प्रत्येक वेळी विकल्यावर मालाचा भाव उतरतो.

मुक्काम_पोस्ट

मालदीवबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? 'इंडिया आउट' म्हणत अध्यक्ष मुइझ्झू निवडून आले, भारतीय सैनिकांना परत पाठवलं, आणि वर्षभरात दिल्लीत मदत मागायला हजर. कृतघ्नपणाला काही सीमा?

जुना_नकाशा

कृतघ्नपणा हा शब्द परराष्ट्र धोरणात वापरला की विश्लेषण थांबतं आणि रुसवा सुरू होतो.

३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंडखोरांनी माले घेतलं, तेव्हा आग्र्याहून उडालेल्या भारतीय छत्रीधारी सैनिकांनी तेव्हाचे अध्यक्ष गयूम यांचं सरकार वाचवलं. हे मालदीवला चांगलं आठवतं. बोटीतून आलेली काही डझन माणसं आपली राजधानी घेऊ शकतात, हेही आठवतं. त्यांनी पुढच्याच वर्षी लहान देशांच्या सुरक्षेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, तो उगाच नाही. जो शेजारी तासाभरात वाचवायला येऊ शकतो, तो तासाभरात आणखीही काही करायला येऊ शकतो. हेतू चांगला असला तरी अंतर तेवढंच राहतं.

मुइझ्झूंनी मे २०२४ पर्यंत सैनिक परत पाठवले. शंभराहूनही कमी होते, हेलिकॉप्टरं आणि एक विमान सांभाळायला. पण ती विमानं परत गेली नाहीत, चालवायला भारताचेच बिनलष्करी लोक आले. ऑक्टोबरात दिल्लीत ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय झाली. म्हणजे गणवेश गेले, सेवा राहिली, पैसे वाढले. मुत्सद्देगिरी म्हणून बघितलं तर वाईट सौदा नाही.

आडवळण

थोडा वेगळा विचार. मुइझ्झूंचं 'नाही' मतदारांसाठी होतं, किंमत भरलेली नव्हती. तिजोरीत परकीय चलन नसताना ते म्हटलं गेलं, म्हणून वर्षात सूर बदलावा लागला. भारतानं ताणून धरलं नाही हे दोघांचंही नशीब.

सिंगापूरचं उलट. १९६५ ला मलेशियातून बाहेर पडला तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी मलेशियाच्या जोहोर राज्यावर अवलंबून. पंतप्रधान ली क्वान यू यांनी विषारी कोळंबीची उपमा दिली होती: मोठे मासे लहान माशांना खातात, पण ही कोळंबी गिळली तर पोटात दुखेल. १९६७ मध्ये सक्तीची सैनिकी सेवा आली. ब्रिटिश फौज निघून जायची होती, त्याची वाट न बघता. पाण्याचा १९६२चा करार २०६१ पर्यंत आहे, तरी सांडपाणी शुद्ध करणं आणि समुद्राचं पाणी गोडं करणं यावर दशकांपासून पैसा ओतला जातोय. करार संपायच्या दिवशी कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून.

आणि त्याच्या जोरावर त्यांनी एक केलं ते मला फार मोठं वाटतं. ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेनं लाखभर वस्तीच्या ग्रेनाडावर फौज उतरवली. महासभेत निषेधाचा ठराव आला. अमेरिकेशी सलगी असून सिंगापूरनं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. व्हिएतनामनं कंबोडियात फौज घातली त्याविरुद्ध ओरड करणारे हेच. मित्रानं केलं म्हणून गप्प बसलो तर उद्या आपल्यावर येईल तेव्हा कुठल्या तोंडानं बोलणार, एवढा साधा हिशेब.

खवचट

सिंगापूर हे उदाहरणच नव्हे, अपवाद आहे. बंदर, पैसा, सामुद्रधुनीचं तोंड. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्यानं काय भरून ठेवायचं? आर्मेनियानं रशियाच्या पुढाकारातल्या संरक्षण संघटनेवर भिस्त ठेवली. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजाननं काराबाख घेतलं, तिथली लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घर सोडून आली, संघटना हलली नाही. २०२४ मध्ये आर्मेनियानं सहभाग गोठवला. बैल गेला नि झोपा केला.

तळटीप

ज्याच्याकडे काही नाही त्याचंच उदाहरण वर आहे, तिमोरचं. त्याची ताजी बातमी राहिलीच: ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा ११वा सदस्य झाला. पाठिंबा देणाऱ्यांत इंडोनेशिया होता.

खवचट

ज्यानं २४ वर्षं ताबा ठेवला तोच? कमाल आहे.

तळटीप

हो. आणि आसियानचा कारभार एकमतानं चालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीनं तिमोरच्या राजदूतावासातल्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं होतं, कारण तिमोर तिथल्या विरोधकांशी उघडपणे बोलत होता. आता तिमोर आणि म्यानमार एकाच टेबलाशी आहेत.

खवचट

बघू, पहिलं 'नाही' कशावर म्हणतात ते. धागा वर काढायला मी येईनच.